टाऊनशिप शेजारी यायच्या आधी गावाचे कागद

मोठा गृहप्रकल्प येतोय हे गावाला आधी फेरफारांतून, म्हणजे सातबाऱ्यावरच्या मालकीबदलाच्या नोंदींतून कळतं. वर्तमानपत्रात ते बऱ्याच उशिरा येतं. एकाच कंपनीच्या, किंवा पत्ता एकच असलेल्या तीन-चार कंपन्यांच्या नावावर, बांधाला बांध लागून असलेल्या गटांच्या खरेद्या पडायला लागल्या की ओळखावं. एकात्मिक नगर प्रकल्पाला, म्हणजे टाऊनशिपला, सलग ४० हेक्टर, म्हणजे १०० एकर जमीन लागते आणि तिथवर १८ मीटरचा रस्ता लागतो. त्यामुळे या खरेद्या विखुरलेल्या नसतात. गावनकाशाच्या झेरॉक्सवर विकले गेलेले गट रंगवत गेलं की प्रकल्पाचा आकार दिसायला लागतो. न विकलेले गट कुणाचे, पुढचा दबाव कुणावर येणार, रस्ता कुठून मागितला जाणार, हेही त्याच कागदावर दिसतं.

आमचं गाव पुण्याच्या वेशीबाहेरचं, महानगर प्रदेशातलं. या सगळ्यातून गाव गेलं, त्यात काय कामाला आलं आणि कुठे अडलं ते इथे मांडतोय. एकराला भाव काय, कुणी विकली, कुणी राखली, हा विषय नाही. वाट, ओढा, गायरान, पिण्याच्या पाण्याची विहीर आणि स्मशानभूमी हा विषय आहे, कारण जमीन विकलेल्यालाही गावातच राहायचं असतं. आणि या पाचही गोष्टींची गोम एकच: विकास आराखडा करणारा गाव बघत नाही, रेकॉर्ड बघतो. रेकॉर्डला वाट नाही म्हणजे त्याच्या लेखी तिथे सलग मोकळी जमीन आहे.

पहिली सवय लावली ती महसूल खात्याचं 'आपली चावडी' पोर्टल बघायची. गावाचे प्रलंबित फेरफार तिथे नोटिशीसह दिसतात. नोटिशीची मुदत १५ दिवस. तेवढ्यात तलाठ्याकडे लेखी हरकत गेली तर नोंद तक्रारी नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी होते. मुदत टळली, मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करावं लागतं. त्याला ६० दिवस मिळतात, पण तिथून पुढे वकील आणि तारखा सुरू होतात. हरकत तोंडी देऊन चालत नाही. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. "ठेवा, बघतो" म्हणणाऱ्या टेबलावर कागद ठेवून आलेल्या माणसाकडे पुढे दाखवायला काहीच नसतं.

दुसरं काम नकलांचं, आणि ते सगळ्यात कंटाळवाणं. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून सध्याचा गटनकाशा तर घ्यायचाच, पण एकत्रीकरणाच्या, म्हणजे जमिनींचे तुकडे जोडून गट पाडण्याच्या, आधीचा सर्व्हे नंबरचा गावनकाशाही नाव घेऊन मागायचा. मागितल्याशिवाय तो कुणी काढत नाही. १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर मोडून गट पडले, बांध हलले, आणि जुन्या नकाशावरच्या कित्येक वाटा नव्या नकाशावर उतरल्याच नाहीत. त्याच कार्यालयातून आकारबंद (गटवार क्षेत्र आणि आकारणीचा तक्ता), आणि ज्या गटांतून वाट किंवा ओढा जातो त्यांची टिपणं (मोजणीच्या वेळी मापं लिहून काढलेले कच्चे नकाशे), गुणाकार बुकाचे उतारे (क्षेत्र काढल्याचं गणित), फाळणी नकाशे (पोटहिस्से दाखवणारे) आणि एकत्रीकरणाच्या योजनेचे उतारे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार. ग्रामपंचायतीतून नमुना २३ आणि २४ च्या साक्षांकित प्रती. नमुना २३ ही पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही आणि २४ जमिनीची. बऱ्याच पंचायतींत २३ नंबरची वही एक तर कोरी असते किंवा फक्त डांबरी रस्ते लिहून थांबलेली असते. पाणंद (शेतांमधली वाट), शिवरस्ता (गावाच्या शिवेवरचा), स्मशानभूमीकडे जाणारी वाट त्यात नसते. ती आधी ग्रामसभेच्या ठरावाने भरून घ्यावी. प्रकल्पाचा अर्ज आल्यानंतर भरलेल्या नोंदीकडे समोरचा वकील पहिलं बोट दाखवतो.

आता नकाशा वाचायचा कसा, कारण इथेच निम्मा घोळ होतो. गावनकाशावर दोन भरीव रेषांत दाखवलेला रस्ता हा एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा. त्याचं क्षेत्र कुठल्याच सर्व्हे नंबरात धरलेलं नसतं. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एक तुटक रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण मोजणीची साखळी ३३ फुटांची. सव्वाआठ म्हणजे पाव साखळी, साडेसोळा म्हणजे अर्धी. (गुंठासुद्धा तिथूनच येतो: ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट.) मेख अशी की तुटक रेषांचे मार्ग ज्या गटातून जातात त्या गटाच्याच क्षेत्रात मोजलेले असतात. सातबाऱ्यावर त्यांचं वेगळं क्षेत्र दिसत नाही, खरेदीखतात पूर्ण क्षेत्र विकलं जातं, आणि घेणारा म्हणतो, "आमच्या सातबाऱ्यात रस्ता नाही." सातबाऱ्यापुरतं ते खरंच असतं. म्हणून वाटेच्या भांडणात सातबारा घेऊन जाणारा हरतो आणि गावनकाशा व टिपण घेऊन जाणारा टिकतो.

नकाशावर नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीच्या वाटांचं काय? त्या चालून काढाव्या लागतात. मोबाइलमध्ये चाललेला मार्ग नोंदवणारं कुठलंही ॲप सुरू करून वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची, प्रत्येक बांधावर थांबून तारीख आणि अक्षांश-रेखांश छापून येणारा फोटो घ्यायचा, आणि वहीत गट नंबर, रुंदी आणि वापर लिहायचा: बैलगाडी जाते का, उसाचा ट्रॅक्टर जातो का, की नुसती पायवाट, देवाची पालखी जाते का, मयत नेतात का. गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे काम फार पटकन जमतं. नंतर तो मार्ग क्यूजीआयएससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या गावनकाशावर बसवायचा. जुना नकाशा उपग्रहाच्या चित्रावर तंतोतंत बसत नाही, काही मीटर सरकतो, आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात जुळवला तर दुसऱ्या कोपऱ्यात सुटतो. जागचे न हललेले बिंदू धरावेत: शिवेवरचे दगड, बांधीव जुनी विहीर, देऊळ. घरांचे कोपरे धरू नयेत, घरं पुढे-मागे होतात. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं तारखेसह दिसतात. वाट स्पष्ट दिसणारं सगळ्यात जुनं चित्र छापून ठेवावं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या पत्रकावर मोठ्या गाडीवाटा असतात, तोही पुरावा चांगला मानला जातो.

वाट अडते ती एका दिवसात भिंत बांधून अडत नाही. आधी पत्र्याचं कुंपण येतं, मग गेट, मग वॉचमन. वॉचमन ओळखीच्यांना सोडतो. मग वही येते, नाव लिहा म्हणतो. मग एक दिवस ट्रॅक्टर सोडत नाही. गाव तोवर "पायी तर सोडतात ना" म्हणत बसलेलं असतं. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात, पण दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. म्हणून पहिल्यांदा अडवलं त्या दिवशीच लेखी तक्रार करायची, त्या कागदावरची तारीख पुढे सगळं ठरवते. सहा महिने हुकले तर दिवाणी न्यायालय उरतं. तिथे वहिवाटीचा हक्क सिद्ध करायला २० वर्षांचा अखंड वापर दाखवावा लागतो, जमीन सरकारी असेल तर ३० वर्षांचा.

इथे एक चूक गावोगाव होते आणि ती महागात पडते. रस्ता म्हटलं की लोक जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा छापील अर्ज आणून भरतात. कलम १४३ आहे ते शेताला रस्ताच नसेल तर बांधावरून नवा मिळवण्यासाठी. जुनी वाट अडली असेल आणि तुम्ही १४३ खाली अर्ज केलात, तर आधी वाट नव्हती हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. समोरच्याचा वकील तोच अर्ज पुढे करतो. शिवाय १४३ मध्ये दुसऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल असा मार्ग बघतात, म्हणजे सरळ गाडीवाटेच्या जागी प्रकल्पाच्या कडेकडेने लांबचा वळसा मिळू शकतो. जुनी वाट असेल तर कलम ५, नसेल तर कलम १४३.

स्थळपाहणीच्या दिवशी गावातल्याच लोकांचे जबाब देऊन थांबू नये. ती वाट वापरणारे शेजारच्या गावचे दोन-तीन म्हातारे आणावेत. त्यांचा या वादात काही लाभ नसतो, त्यामुळे त्यांच्या जबाबाला वजन येतं. पंचनामा जागेवरच लिहून घ्यावा, वाटेची रुंदी टेपने मोजून आकड्यात घालावी. "अंदाजे आठ-दहा फूट" असं लिहिलेल्या पंचनाम्यावर पुढे आठच फूट मिळतात. निकाल लागला की काम संपलं असं समजू नये: तो सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढवून घ्यावा. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद इतर हक्कात घेण्याबद्दल शासनाचा निर्णयही झाला आहे. गट पुन्हा विकला गेला तर नव्या मालकाला फक्त सातबारा दिसतो, तहसीलदारांची फाइल दिसत नाही.

ओढ्याची गोष्ट वाटेपेक्षा अवघड, कारण ओढा वर्षातले आठ महिने कोरडा असतो आणि आराखड्याची पाहणी नेमकी त्याच महिन्यांत होते. सातबाऱ्यावर पोटखराबा दोन वर्गांत असतो. वर्ग 'अ' म्हणजे खडक, खाचखळगे, शेतकऱ्याला लागवडीखाली आणता येणारी जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक वापराची. ओढ्याचं क्षेत्र 'ब' मध्येच पाहिजे. संगणकीकरणात आणि हस्तलिखितावरून उतरवताना कधी कधी दोन्ही एकत्र झालेले किंवा 'अ' मध्ये पडलेले सापडतात. प्रकल्पाच्या एकूण क्षेत्राची बेरीज करताना हा फरक मोठा असतो, म्हणून ओढ्याकाठच्या प्रत्येक गटाचा जुना हस्तलिखित उतारा आणि आजचा सातबारा शेजारी ठेवून ताडून बघावा. टिपणावर ओढ्याची रुंदी मिळते, ती प्रत्येक बांधाला किती आहे याचा तक्ता करावा. खटाटोप आहे, पण पुढे "हा नाला नैसर्गिक नाही, शेतकऱ्यांनी काढलेला चर आहे" असं उत्तर आलं तर त्या तक्त्याशिवाय बोलता येत नाही.

मग पाइपांचा हिशोब. प्रकल्पाचा रस्ता ओढा ओलांडतो तिथे सिमेंटचे पाइप टाकून वर भराव घालतात. ९०० मिलिमीटरच्या एका पाइपाचा छेद साधारण ०.६४ चौरस मीटर असतो. दोन टाकले तरी १.२७. ओढा ४ मीटर रुंद आणि पुराच्या वेळी दीड मीटर भरून वाहत असेल तर त्याचा छेद ६ चौरस मीटर. म्हणजे जवळपास पाचपट पाणी बिळातून काढायचा प्रकार. त्यात पहिल्या पावसाला बाभळीचे काटे, प्लॅस्टिक आणि वरच्या भरावाचा मुरूम येऊन पाइपाचं तोंड निम्मं बुजतं आणि पाणी मागे वरच्या शेतांत चढतं. खालच्या बाजूचं दुखणं वेगळं. माळ सपाट करून काँक्रीट झालं की आधी चार-सहा तास झिरपत, रेंगाळत येणारं पाणी एकदम येतं, काठ खचतात, आणि उन्हाळ्यात मात्र विहिरींचं पाणी लवकर उतरतं, कारण माळावर मुरायचं ते मुरलंच नाही.

यावर नुसतं "पूर येईल" लिहून भागत नाही. बांधकाम सुरू व्हायच्या आधीचे पावसाळे हाताशी असतात, तेच वापरायचे. ओढ्याकाठच्या पक्क्या बांधकामावर, म्हणजे साकवाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर, प्रत्येक मोठ्या पुराची पातळी तेलरंगाने खूण करून तारीख घालायची आणि मोजपट्टी धरून फोटो काढायचा. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा, निळी २५ वर्षांच्या पुराची आणि लाल १०० वर्षांच्या पुराची, या नद्यांना आखलेल्या असतात. गावच्या ओढ्याला बहुतेक वेळा कुणी रेषा आखलेली नसते. त्या खुणा हाच तुमचा पुरावा. मागणीही आकड्यात करायची: पाइपाऐवजी पेटी मोरी (चौकोनी काँक्रीटची), तिची रुंदी टिपणावरच्या ओढ्याच्या रुंदीइतकी, आणि ओढ्याचा मार्ग वळवणार असाल तर जलनिःसारणाच्या हिशोबाची प्रत गावाला.

गायरानावर दोन कागद जवळ ठेवावेत. २८ जानेवारी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल आणि त्यानंतरचा १२ जुलै २०११ चा राज्य शासनाचा निर्णय. गायरान खाजगी व्यक्ती किंवा संस्थेला देऊ नये असं त्यात आहे. प्रकल्पवाले सहसा गायरान मागत नाहीत, गायरानातून रस्ता मागतात. अर्जात तो 'सार्वजनिक रस्ता' असतो, प्रत्यक्षात त्याच्या टोकाला गेट असतं.

हा रस्ता किंवा पाण्याची ना हरकत ग्रामसभेतून कशी निघते, हे समजून घ्यायला हवं. गणपूर्ती आहे १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पंधरा-वीस माणसांत ठराव होतो. दुसरी जागा म्हणजे विषयपत्रिकेतला शेवटचा विषय, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ना हरकतीचे ठराव तिथे येतात, तोवर बाया-माणसं उठून गेलेली असतात. उपाय साधे आहेत. पहिल्याच सभेला शंभर माणसं आणायची. इतिवृत्त सभेतच वाचून दाखवायचा आग्रह धरायचा, खालच्या कोऱ्या ओळी आडवी रेघ मारून बंद करून घ्यायच्या, त्याच आठवड्यात ठरावाची नक्कल मागायची. ठरावात मोघम "विरोध आहे" न लिहिता गट नंबर, रुंदी आणि कारण लिहायचं. नुसत्या विरोधाच्या ठरावाला वरच्या कार्यालयात 'भावना' समजतात.

पाण्याबाबत एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. १९९३ च्या भूजल कायद्यापासून हे आहे. गावाच्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ नकाशावर काढून, आत येणारे गट लिहून, ते पत्र तहसीलदार आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला आधीच देऊन ठेवावं. बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी गेलेली असते.

जमीन विकणाऱ्यांबद्दल बोलायचं नाही असं वर म्हटलं, पण एक गोष्ट सगळ्या गावाला लागते. सामाईक सातबाऱ्यावरच्या एका भावाचा किंवा बहिणीचा अविभक्त हिस्सा आधी घेतला जातो. कुठला तुकडा कुणाचा हे न ठरलेला हिस्सा, त्यामुळे घेणारा पूर्ण गटाचा सहहिस्सेदार होतो आणि वाटणीचा दावा टाकतो. बाकीचे भाऊ वैतागून विकतात. भावकीत आपसात वाटप करून, मोजणी करून, पोटहिस्से पाडून घेणं हा यावरचा इलाज. खर्च होतो, भांडणंही होतात, पण ती घरातली असतात. कोर्टात दावा असेल तर लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. महाराष्ट्रात ती नोंदवली नसेल तर मधल्या काळात जमीन घेणारा "आम्हाला दावा माहीत नव्हता" म्हणून सुटू पाहतो. आणि 'रस्त्यापुरतं संमतीपत्र' म्हणून पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही नाही: शेवटच्या पानावर कुलमुखत्यारपत्र असू शकतं.

बैठकीत कुणीतरी पुण्यातल्या मगरपट्टा टाऊनशिपचं उदाहरण काढतोच: शेतकऱ्यांनी स्वतःच कंपनी काढावी. हडपसरला जमलं, कारण जमीन सलग होती, माणसं मुख्यतः एका भावकीतली होती, आणि निम्म्या जमिनी आधीच विकून झालेल्या नव्हत्या. फेरफार पडायला लागल्यावर हा विचार करायला उशीर झालेला असतो.

आता विकास आराखडा. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग कलम २५ खाली सध्याच्या जमीन वापराचं सर्वेक्षण होऊन नकाशा बनतो, मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. सगळी गावं जागी होतात ती कलम २६ ला. कामाची वेळ त्याच्या आधीची असते. विद्यमान जमीन वापराच्या नकाशावर ओढा, पाणंद आणि स्मशान आले की पुढच्या नकाशात ते पुसायला कारण द्यावं लागतं. आले नाहीत तर ते घालायला तुम्हाला कारण द्यावं लागतं. सर्वेक्षण चालू असतानाच गावाने स्वतः केलेला नकाशा, वाटांची यादी, ओढ्याचा तक्ता आणि नमुना २३ ची प्रत पत्रासोबत द्यावी.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना ३० दिवस. पहिले आठ-दहा दिवस नकाशा मिळवण्यात जातात. संकेतस्थळावरची फाइल मोठी करून बघितली तर गट नंबर फुटलेले दिसतात, म्हणून नियोजन प्राधिकरणाकडून आपल्या गावाच्या पत्रकाची छापील प्रत पैसे भरून घ्यावी. नकाशासोबत अहवाल आणि विकास नियंत्रणाची नियमावलीही वाचावी. आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामाला राखलेली जागा, नकाशात दिसतं, पण ते कुणी आणि कसं विकसित करायचं हे अहवालात असतं.

हरकत लिहायची रीत अशी. एका विषयाला एक अर्ज. वर पत्रक क्रमांक, आरक्षण किंवा रस्त्याचा क्रमांक, गट नंबर. मग आराखड्यात काय दाखवलंय, जागेवर काय आहे, पुरावा कोणता जोडलाय, आणि बदल नेमका काय हवा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "२४ मीटरचा रस्ता रद्द करा" यापेक्षा "रस्ता अमुक गटाच्या उत्तर बांधावरून न्यावा, तिथे जुना शिवरस्ता आहे, दोन्ही गावांची जमीन सारखी जाते" हे मान्य व्हायची शक्यता जास्त, कारण रस्ता कुठून तरी जाणारच असतो. एकाच मजकुराचे शेकडो झेरॉक्स अर्ज भरून देण्याची पद्धत आहे. संख्या दाखवायला ती ठीक, पण असे अर्ज एकत्र गोळा करून एकाच सुनावणीत आणि एकाच ओळीच्या शिफारशीत निघतात. मोघम विरोधाचे शंभर आणि नेमके दहा असे दोन्ही द्यावेत.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते, कलम २८ खाली. माणशी काही मिनिटंच मिळतात आणि समितीसमोर दिवसाला ढिगाने फायली असतात. भाषण करू नये. ए-थ्री कागदावर दोन नकाशे न्यावेत, एकावर आराखडा, एकावर आपलं, दोन्ही एकाच मापाचे आणि गट नंबर ठळक. बोलणारा एक, कागद देणारा एक. गावाचे पन्नास लोक आत घुसले की वेळ त्यांना शांत करण्यातच संपतो. बाहेर पडताना रोजनाम्यात आपलं म्हणणं काय लिहिलं ते वाचून, कागद दिल्याची पोच घ्यावी.

आराखड्याचा भरवसा धरू नये हेही खरं. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, हजारोंनी हरकती आणि सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. पण हरकतीसाठी केलेला नकाशा आणि जमवलेल्या नकला तशाच्या तशा वाटेच्या दाव्यात, पाण्याच्या तक्रारीत आणि पुढच्या आराखड्यात वापरता येतात.

पर्यावरण मंजुरीबाबत एक गैरसमज फार आहे. लोक जनसुनावणीची वाट बघत बसतात. ती होत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत बांधकाम आणि टाऊनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. कारखाना किंवा खाण आली तर मांडव पडतो, टाऊनशिपला पडत नाही. गावाला करता येतं ते एवढंच: पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर अर्जाची कागदपत्रं शोधायची आणि पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, जागेवर ओढा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं वाचायची. ओढ्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं असेल तर टिपणाची नक्कल जोडून राज्य मूल्यांकन समितीला पत्र द्यायचं. मंजुरी निघाल्यावर हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस आहेत. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, त्यानंतर नाही.

गाव महापालिकेत जाणार असेल तर घाई दुप्पट. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आणि ३० जून २०२१ ला २३ गावं गेली. समावेश झाला की ग्रामपंचायत संपते आणि दप्तर महापालिकेकडे जातं. नमुना ८ (कर आकारणीची वही), २३, २४, ठरावबुकं, ना हरकतींच्या फायली, जे लागेल त्याच्या साक्षांकित प्रती आदल्या वर्षीच काढून ठेवाव्यात. नंतर कुठलं दप्तर कुठल्या गोदामात आहे हे सांगणारा माणूसच बदललेला असतो. ग्रामसभाही राहत नाही, म्हणून गायरान आणि स्मशानाबद्दलचे ठराव तिच्या हयातीतच करून घ्यायचे.

प्रकल्पाला परवानगी मिळाल्यावर मंजूर रेखांकनाची (लेआउटची) आणि बांधकाम परवानगीच्या अटींची प्रत माहिती अधिकारात मिळते. अर्जाला १० रुपयांचं तिकीट लागतं आणि ३० दिवसांत उत्तर यावं लागतं. रेखांकनात गावाची वाट बहुतेक 'अंतर्गत रस्ता' म्हणून सापडते. तिच्यावर 'सार्वजनिक वहिवाट' असा शेरा आहे का ते बघायचं, नसेल तर अंतिम रेखांकनाच्या आधी तहसीलदारांचा निकाल जोडून शेरा मागायचा. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तोही वाचायचा. ओढ्यालगतची भिंत बांधायला सुरुवात होते तेव्हा पाया खोदतानाच जाऊन मोजायचं. पाया भरून झाल्यावर केलेल्या तक्रारीवर "समक्ष पाहणी करून कळवतो" असं उत्तर येतं, आणि तोवर भिंत डोक्याएवढी झालेली असते.

आमच्याकडच्या वाटांपैकी काही निकाल लागून इतर हक्कात चढलेल्या आहेत, काही मोजणीसाठी थांबल्या आहेत. ओढ्यावरच्या मोरीचा पत्रव्यवहार चालू आहे. कुठल्या गावाला स्वतःची वाटांची यादी करायची असेल तर रकाने एवढे पुरतात: वाटेचं गावातलं नाव, कुठून कुठे, कोणत्या गटांतून, जुन्या नकाशावर कोणत्या रेषेने, जागेवरची रुंदी, वापर कशाचा, अडथळा असल्यास कोणत्या तारखेपासून, पुराव्याचा कागद क्रमांक.